संगणकापुढे बसलेला माणूस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



संगणक काय काय करू शकतो यावर तुम्ही आजवर पुष्कळ ऐकलं असेल. मी आज त्याच्यापुढे बसलेल्या माणसाविषयी बोलणार आहे. त्याचे डोळे, मान, मनगट आणि कंबर यांच्याविषयी. मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहितो, आणि पोटासाठी ३० वर्षांहून अधिक काळ सोलापुरात डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, पीएच.डी.चे प्रबंध, दिवाळी अंक, जाहीरनामे, श्रद्धांजलीची पत्रकं असं सगळं या पडद्यावरून गेलं. तेव्हा जे सांगेन ते खुर्चीत बसून शिकलेलं, आणि जिथे माझं ज्ञान अपुरं पडलं तिथे डोळ्यांच्या आणि हाडांच्या डॉक्टरांना विचारून घेतलेलं.

१९९४-९५ च्या सुमारास आमच्याकडे पहिला संगणक आला तेव्हा त्याची बडदास्त पाहण्यासारखी होती. चपला बाहेर काढायच्या. खिडकीला जाड पडदा. त्या खोलीपुरता गावातल्या बाजारपेठेत विरळा असलेला एसी. काम संपलं की यंत्रावर प्लॅस्टिकचं झाकण घालायचं, पडद्याच्या काचेवर आणखी एक काळसर काच बसवायची. आणि या सगळ्या थाटासमोर ऑपरेटरला बसायला काय? तर पाठ नसलेलं लाकडी स्टूल. यंत्र महाग होतं, माणूस स्वस्त होता. पुढे यंत्र स्वस्त झालं, एसी निघून गेला, चपला आत आल्या. स्टुलाच्या जागी प्लॅस्टिकची खुर्ची आली, एवढीच काय ती माणसाची बढती.

बैठ्या कामाची दुखणी संगणकाने आणली असं मात्र म्हणता येत नाही. माझी आई विड्या वळायची. सोलापुरात विडीकाम करणाऱ्या बायकांची संख्या किती मोठी आहे हे इथल्या श्रोत्यांना सांगायला नको. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. मान खाली आणि बोटं सारखी चालू. मजुरी हजार विड्यांवर, त्यामुळे मान वर करायची म्हणजे पैसे गमवायचे. संध्याकाळी ती भिंतीला पाठ टेकून मान मागे टाकायची आणि म्हणायची, "गर्दन लकडी हो गई." हेच वाक्य माझी मुलगी आज लॅपटॉप मिटताना म्हणते. मधे दोन पिढ्या गेल्या, धंदा बदलला, पण मानेचा कोन तोच राहिला.

इटलीमध्ये बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांना कोणते आजार होतात यावर त्यांनी १७०० साली लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. कुंभार, सोनार, सुईणी, धोबी, सगळे त्यात आहेत. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी लेखनिक आणि कारकून मंडळींचीही दखल घेतली आणि त्यांच्या दुखण्यांची तीन कारणं दिली : सतत बसणं, हाताची एकाच तऱ्हेची न थांबणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशे वर्षं झाली. बोरूच्या जागी की-बोर्ड आला, पण या यादीत चौथं कारण घालायचं म्हटलं तर एकच सापडतं, ते म्हणजे उजळलेला पडदा. रोग्याला वैद्याने "तुझा धंदा काय?" हाही प्रश्न विचारला पाहिजे, असं रामाझ्झिनी सांगत. आपल्याकडे गर्दीच्या दवाखान्यात हा प्रश्न राहून जातो. म्हणून मी ओळखीच्या ऑपरेटरांना सांगतो, डॉक्टरांनी नाही विचारलं तरी आपणच सांगायचं, मी दिवसाला इतके तास असा बसतो. शक्य झालं तर बसून दाखवायचं.

आता डोळ्यांकडे येतो, कारण पहिली तक्रार तिथूनच येते.

आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी लववतो. पडद्याकडे एकटक बघताना हे प्रमाण निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतं. शिवाय जी पापणी लवते तीही पुष्कळदा पुरती मिटत नाही. पापणी म्हणजे डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर सारखा करून ठेवणारं पोतेरं आहे म्हणा. ते फिरलं नाही की थर सुकतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं, आग होते, आणि गंमत म्हणजे कोरड्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं. त्यात आमचा सोलापूरचा उन्हाळा. मे महिन्यात दुकानात कूलर लावायचा आणि त्याचं तोंड बरोबर ऑपरेटरकडे फिरवायचं, अशी आमच्याकडे आदराची पद्धत आहे. पंख्याचा, कूलरचा, एसीचा झोत थेट चेहऱ्यावर आला की डोळे आणखी सुकतात. झोत पाठीकडून किंवा बाजूने यावा. आणि पापण्या आठवणीने पूर्ण मिटाव्यात. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण मी मुद्रितशोधनात प्रत्येक परिच्छेद संपला की डोळे दोनदा सावकाश मिटतो. शेजारच्या दुकानदाराला बरेच दिवस वाटत होतं की मी झोप काढतो.

दुसरी गोष्ट अंतराची. जवळचं पाहताना डोळ्याच्या आतला एक बारीक स्नायू आकसलेला राहतो. मूठ आवळून आठ तास ठेवली तर हाताचं काय होईल? तोच प्रकार. पडदा हात लांब केल्यावर बोटांची टोकं जेमतेम लागतील इतका दूर हवा. जुन्या कापडदुकानातल्या मापात सांगायचं तर सव्वा ते दीड हात. एवढ्या अंतरावरून अक्षरं दिसत नसतील तर आपण पुढे झुकायचं नाही, अक्षरं मोठी करायची. इतकी सोपी सोय यंत्रात आहे आणि माणसं नाक पडद्याला लावून बसतात. मी स्वतः काम करताना मजकूर दीडपट मोठा करून घेतो. छापताना तो आपल्या मूळ आकारातच छापला जातो, त्याला काही होत नाही.

२०-२०-२० नावाचा एक नियम डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद बघायचं. नियम उत्तम आहे. फक्त तो करणाऱ्याने आमचं दुकान पाहिलेलं नाही. दुकान दहा बाय बारा. २० फूट मोजायचे म्हणजे समोरचा रस्ता ओलांडून पलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचावी लागते. मी तीच वाचतो. तिच्यातली शुद्धलेखनाची चूकही आता पाठ झाली आहे.

आणि चाळिशी! आपल्या भाषेने या वयाचं आणि चष्म्याचं एकच नाव ठेवलं, इतका हा मामला ठरलेला आहे. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं दिसत नाही. वाचायचा चष्मा साधारण एक-सव्वा फुटावरच्या पुस्तकासाठी असतो. पडदा असतो दोन-सव्वादोन फुटांवर. म्हणजे वाचायच्या चष्म्याने तो पुसट दिसतो आणि माणूस पुढे सरकतो. दुहेरी काचांचा चष्मा असेल तर आणखी पंचाईत. वाचायची काच खाली, म्हणून हनुवटी वर करून पाहावं लागतं. दिवसभर हनुवटी वर ठेवा, संध्याकाळी मान धरते, आणि आपण मानेला तेल लावत बसतो. दुखणं मानेचं, कारण नाकावर. यावर उपाय दोन. पडदा आणखी खाली आणायचा, नाहीतर डॉक्टरांना अंतर मोजून सांगून फक्त पडद्यापुरता वेगळा चष्मा करून घ्यायचा. जाताना घरी सुतळीने डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजून ती सुतळी खिशात घालून न्यावी. मी तसंच केलं होतं. डॉक्टर हसले, पण चष्मा नेमका झाला.

निळ्या प्रकाशाला अडवणाऱ्या चष्म्यांची हल्ली मोठी विक्री आहे. या चष्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा एकत्र आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. साध्या काचांपेक्षा त्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असं, निदान थोड्या काळाच्या वापरात, त्यात दिसून आलं नाही. तेव्हा त्या पैशांत टेबलावरचा दिवा घ्यावा, हे माझं मत. पडद्यामागे उघडी खिडकी नको आणि आपल्या पाठीमागेही नको. पहिल्या प्रकारात डोळे दिपतात, दुसऱ्यात पडद्यावर खिडकी दिसते. खिडकी डाव्या किंवा उजव्या बाजूला हवी. ही गोष्ट तर जुन्या शाळामास्तरांनाही ठाऊक होती.

आता बैठक. या विषयावरच्या पुस्तकांत एक खुर्ची दाखवलेली असते. तिची उंची बदलते, पाठ मागेपुढे होते, हात वरखाली होतात. अशा खुर्चीची किंमत आमच्या भागातल्या ऑपरेटरच्या महिन्याच्या पगाराच्या घरात जाते. ती ज्यांना मिळते त्यांनी जरूर वापरावी. पण झेरॉक्सच्या दुकानात, सेतू केंद्रात, कोर्टाबाहेरच्या टायपिंगच्या टपरीत, गावोगावच्या सायबर कॅफेत जी मुलं-मुली बसतात, त्यांच्यासाठी कोणी चित्र काढत नाही. त्यांच्यापुढे प्लॅस्टिकची खुर्ची आहे आणि सुताराने बनवलेलं टेबल आहे. मग त्यातच काय करता येईल ते बघू.

आपली टेबलं साधारण तीस इंच उंच असतात. पाच फूट उंचीच्या बाईला हे टेबल उंच पडतं. ती खांदे वर उचलून टाइप करते आणि तिला ते कळतही नाही. खांदे सैल सोडून कोपर अंगाजवळ आणून दुमडलं, की हात जिथे येतो तिथे की-बोर्ड हवा. टेबल कापता येत नसेल तर आपण वर जायचं. आमच्याकडे वाकळ म्हणतात, पुण्याकडे गोधडी, तिची घट्ट घडी खुर्चीवर घालायची. वर गेलो की पाय लोंबकळतात आणि मांडीखाली खुर्चीची कड रुतते, म्हणून पायाखाली पाट ठेवायचा. जेवायला टेबल-खुर्ची आल्यापासून घराघरांतले पाट माळ्यावर पडून आहेत, त्यांना काम मिळेल. प्लॅस्टिकच्या खुर्चीची पाठ मागे कललेली असते. कंबरेच्या खळग्यात टॉवेलची गुंडाळी ठेवली की फरक लगेच कळतो. त्या खुर्चीचे हात टेबलाला अडतात आणि माणूस टेबलापासून लांब राहतो. त्यापेक्षा बिनहातांची खुर्ची बरी.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी, म्हणजे नजर किंचित उतरती राहते. उतरत्या नजरेत पापणी डोळ्याचा जास्त भाग झाकते, म्हणून डोळे सुकतही कमी. पडदा खूप खाली असेल तर त्याच्याखाली काहीतरी ठेवायचं. मी जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवला आहे. त्यातल्या तीन अंकांत माझ्या कविता आहेत. त्यांनी कोणाला तरी आधार दिला याचं समाधान मी रोज घेतो.

आणि एवढं सगळं जमवून झालं, बैठक अगदी चित्रातल्यासारखी झाली, तरी तीत चार तास बसलं तर कंबर दुखणारच. उत्तम बैठक म्हणून दिवसभर धरून ठेवावी अशी एकही बैठक नाही. शरीराला हलायचं असतं. मी कॉलेजात असताना एका छापखान्यात मुद्रितं तपासायला जायचो. तिथे खिळे जुळवणारे कारागीर उभे राहून काम करत. डाव्या हातात स्टिक, उजवा हात खणाखणांतून फिरणारा. फॉर्म बांधायला जा, प्रूफ काढायला जा, सारखी ये-जा. शिसं त्यांच्या अंगात जात होतं, पायाच्या शिरा फुगत होत्या, त्या दिवसांचं कौतुक मी करणार नाही. उभं राहणं हेही दुखणंच आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायला जागा देण्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली, ती कापडदुकानांत दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या बायकांनी मागणी लावून धरली म्हणून. ज्याला उभं केलं आहे त्याला बसायला हवं, ज्याला बसवलं आहे त्याला उठायला हवं. मी प्रिंटर मुद्दाम टेबलापासून चार पावलं लांब ठेवला आहे. प्रत्येक प्रूफला उठावं लागतं. गिऱ्हाइकाला हे गैरसोयीचं वाटतं, मला नाही.

नमाजासाठी उठणं हाही माझ्यापुरता एक विराम आहे. त्याचा हेतू व्यायामाचा नाही आणि तसा तो कोणी सांगू नये. पण दुपारी काम थांबवून उभं राहावं लागतं, वाकावं लागतं, गुडघे दुमडावे लागतात, ही गोष्ट कंबरेने लक्षात ठेवली आहे.

हातांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण हात गेला की आमचा धंदा गेला.

मराठी टंकलेखनाला इंग्रजीपेक्षा बोटं जास्त राबवावी लागतात. सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट नावाची कळांची मांडणी तयार केली. तीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, असा सुरेख हिशेब आहे. शिकायला सोपी, मला आवडते. पण जोडाक्षरासाठी लागणारं हलन्ताचं चिन्ह आणि काना, ही दोन्ही डाव्या हाताच्या मधल्या बोटाकडे आली आहेत. 'स्वातंत्र्य' हा शब्द सुटा सुटा टाइप करा. ११ कळा दाबाव्या लागतात आणि त्यातल्या चार एकट्या त्या बोटाला. पंधरा ऑगस्टच्या पुरवणीचं काम असलं की ते बोट संध्याकाळपर्यंत भरून येतं. म्हणून कळा हळू दाबाव्यात. जुन्या टाइपरायटरवर शिकलेली माणसं अजूनही कळ ठोकतात, कारण तिथे ठोकल्याशिवाय अक्षर उमटत नसे. आताची कळ स्पर्शाने चालते. ती ठोकून अक्षर अधिक काळं येत नाही.

मनगटाच्या आत एक अरुंद बोगदा असतो. बोटं वळवणारे नऊ स्नायुबंध आणि एक मज्जातंतू त्यातून जातात. मनगट वर किंवा खाली मुडपलेलं राहिलं, आतली सूज वाढली, की तो मज्जातंतू दाबला जातो. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात. करंगळी सुटते, कारण तिचा तंतू दुसरा. रात्री हात बधिर होऊन जाग येते आणि माणूस हात झटकतो. याला फक्त टायपिंग जबाबदार असतं असं नाही. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही हे होतं, बायकांत जास्त होतं. म्हणून अशा मुंग्या आल्या की साखर आणि थायरॉइड तपासायला सांगतात. याउलट करंगळीलाच मुंग्या येत असतील तर कोपराकडे पाहावं. टेबलाच्या धारदार कडेवर कोपर टेकून माउस चालवणाऱ्यांना हे होतं. कडेवर जुन्या कापडाची पट्टी चिकटवली तरी पुष्कळ काम होतं.

आमच्या दुकानात काम करणारी एक मुलगी, वय २६, लग्नानंतर पुन्हा कामावर आली होती. तिला रात्री हाताला मुंग्या यायच्या. घरी सासूबाईंनी सांगितलं, नोकरी सोड. तिच्या पगारावर धाकट्या दिराचं आयटीआय चालू होतं, त्यामुळे सोडणंही शक्य नव्हतं. तिचा की-बोर्ड मी पाहिला. मागचे दोन छोटे पाय उघडलेले होते. की-बोर्डला मागे पाय असतात म्हणून आपण ते उघडतो, पण त्याने की-बोर्ड मागून उचलला जातो आणि मनगट वरच्या बाजूला मुडपतं. ते पाय मिटले. माउस आकड्यांच्या कळांच्या पलीकडे लांब होता, त्यामुळे उजवा खांदा दिवसभर बाजूला ताणलेला. डिझाइनचं काम माउसचंच जास्त. तिला आकड्यांच्या कळा नसलेला छोटा की-बोर्ड आणला, म्हणजे माउस जवळ आला. डॉक्टरांनी रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायला दिला. दोन-अडीच महिन्यांत मुंग्या कमी झाल्या. ती म्हणाली, "काका, हात पुन्हा माझा वाटायला लागला." ती अजून कामावर आहे. पण सगळ्यांचं इतक्यावर भागत नाही. अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग सपाट दिसू लागला, हातातून कप-बशी सुटू लागली, की पाट आणि वाकळ विसरून थेट डॉक्टरांकडे जायचं. तिथे उशीर परवडत नाही.

लॅपटॉपची तऱ्हा न्यारी. त्याचा पडदा आणि कळा एकमेकांना बांधलेल्या. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर जातात, हात खाली आणले तर मान खाली जाते. मुलगी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. २०२० च्या टाळेबंदीत तिने ते पलंगावर बसून, मांडीवर उशी घेऊन सुरू केलं होतं. तेव्हा घरात मोकळं टेबल नव्हतं, हेही खरं. आईचं सूप जिथे असायचं, बरोबर तिथे लॅपटॉप. मी तिला म्हटलं, "बेटा, तू विड्या वळते आहेस." आता लॅपटॉप पुस्तकांवर उंच ठेवलेला आहे आणि वेगळा की-बोर्ड व माउस जोडलेला आहे. ही जोडी हजार-बाराशे रुपयांच्या आत मिळते. संगणकाच्या दुखण्यांवर याहून स्वस्त औषध मला माहीत नाही.

मोबाइलविषयी एकच गोष्ट सांगतो. डोक्याचं वजन साधारण पाच किलो. केनेथ हंसराज या न्यूयॉर्कच्या शल्यविशारदांनी २०१४ मध्ये गणित मांडलं की मान ६० अंशांत वाकली की मणक्यावर पडणारा भार २७ किलोंच्या आसपास जातो. हा कागदावरचा हिशेब आहे, कोणाच्या मानेत काटा घालून मोजलेलं वजन नव्हे. तरी अर्धं पोतं मानेवर घेऊन आपण विनोद वाचत बसतो, एवढं ध्यानात आलं तरी फोन आपोआप थोडा वर येतो.

आता ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात त्यांच्याशी दोन शब्द. मीही त्यांतलाच एक आहे, माझ्याकडे तिघं कामाला आहेत. युरोपात १९९० पासून पडद्यावरच्या कामासाठी स्वतंत्र निर्देश आहे. काम अधूनमधून थांबलं पाहिजे किंवा बदललं पाहिजे, कामगाराच्या डोळ्यांची तपासणी झाली पाहिजे, आणि त्या कामासाठी खास चष्मा लागत असेल तर त्याचा भार कामगारावर पडता कामा नये, असं त्यात आहे. आपल्याकडच्या छोट्या दुकानापर्यंत असं काही पोचायची वाट कशाला पाहायची? वर्षातून एकदा तिघांचे डोळे तपासून आणायला मला जो खर्च येतो, तो एका चुकलेल्या पत्रिकेच्या पुनर्मुद्रणाहून कमी असतो.

पण सगळ्यांत अवघड प्रश्न टेबलाचा नाही, खुर्चीचाही नाही. ऑपरेटर मुली पाणी पीत नाहीत. डॉक्टर सांगतात पाणी प्या, उठा, चाला. मुलगी उठून जाणार कुठे? बाजारपेठेतल्या असंख्य दुकानांच्या इमारतींत बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. सकाळी दहाला घरून निघायचं आणि संध्याकाळी सातला घरी जाईपर्यंत घोटघोट पाण्यावर राहायचं. लघवीच्या जागेचे संसर्ग होतात, डोकं दुखतं, आणि सगळा दोष संगणकाला जातो. बैठकीवरच्या माहितीपत्रकांत कोपराचा कोन अंशांत दिलेला असतो, हा मुद्दा मात्र कुठे येत नाही. तो लिहिणाऱ्यांच्या कार्यालयात स्वच्छतागृह असतं, म्हणून सुचत नसावा.

आमच्या इमारतीत १४ दुकानं आहेत. जिन्याखाली एक मोरी होती, तिच्यात रद्दी आणि मोडके बोर्ड भरलेले. तिथे स्वच्छतागृह करू या म्हटल्यावर पहिल्या बैठकीला पाच जण आले. एकाने विचारलं, "शेखभाई, तुमचा कविसंमेलनाचा कार्यक्रम आहे का?" पाणी कुठून आणायचं, साफसफाई कोण करणार, किल्ली कोणाकडे, यावर आठ महिने गेले. शेवटी ११ दुकानदारांनी वर्गणी दिली, तिघांनी दिली नाही, पण त्यांच्या दुकानांतल्या मुलींनाही किल्ली मिळते. झाडणाऱ्या बाईंना दर महिन्याला मिळून पैसे देतो. किल्ली शिवणाच्या सामानाच्या दुकानात, काउंटरच्या मागे खिळ्याला टांगलेली असते, म्हणजे मुलींना पुरुषाकडे मागायला लागू नये. आमच्या दुकानापासून तिथवर आणि परत, मी मोजली आहेत, ७२ पावलं होतात. आता तिघींच्याही टेबलावर सकाळी पाण्याची भरलेली बाटली असते आणि दुपारी ती पुन्हा भरायला कोणीतरी उठतं.